नऊपैकी नऊ

हॅलोवे, ओहायो
१२ मार्च २०१२

इर्मा,

माझा आवाज ऐकला की तू फोन आपटतेस, म्हणून या वयात टपालाचं तिकीट चिकटवायची वेळ आली. पत्र आपटता येत नाही. फार तर फाडशील, पण वाचून फाडशील. बहिणीचा स्वभाव भावाला माहीत असतो.

बातमी चांगली आहे. हॅलोवे विद्यापीठाच्या फुटबॉलला यंदा शंभर वर्षं होतायत आणि त्याचं जाडजूड पुस्तक निघतंय. घोडेबाजाराच्या मैदानावर पंधरा पोरं नि एक फाटका चेंडू इथपासून ते आजच्या वीस हजार खुर्च्यांच्या स्टेडियमपर्यंत सगळं. तुमच्या ड्रेक्सबरीने चौतीस साली आमचा बासष्ट गुणांनी फडशा पाडला होता, तेही आहे. आम्ही काही लपवत नाही. पण पुस्तकाचा कळस म्हणजे १९६२. नऊ सामने, नऊ विजय. शंभर वर्षांत असा हंगाम एकदाच झाला. त्याचं प्रकरण मी लिहितोय. दुसरं कोण लिहिणार?

मुखपृष्ठावर माझ्या अल्बममधला तो फोटो घ्यायचं ठरलंय. १७ नोव्हेंबर, शेवटचा सामना, शेवटची अकरा सेकंदं. मी चेंडू छातीशी धरून गोलरेषेवरून उडी मारतोय आणि खाली मला पकडायला आलेले ड्रेक्सबरीचे खेळाडू, म्हणजे तुझे यजमान, दोन्ही हात पसरून चिखलात तोंड घालून पडलेत. असा फोटो काढून घ्यायचा म्हटलं तरी निघणार नाही. समितीतल्या वकीलबाई म्हणतात, फोटोतल्या दुसऱ्या माणसाची सही असलेली बरी. सोबत कागद आहे. ग्लेनचा उजवा हात अजून चालत नसेल तर डाव्या हाताने नुसती फुली मारू दे. आम्ही चालवून घेऊ.

पुस्तक ऑक्टोबरमध्ये, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला निघेल. एक प्रत फुकट पाठवीन. आपल्या दोन कॉलेजांच्या सामन्याचा फिरता चषक, ती भट्टीची पळी, यंदाही आमच्याच कपाटात आहे, हे तुला सांगायची गरज नाही.

क्लेम

*

ड्रेक्सबरी
२० मार्च २०१२

श्री. क्लेमेंट हुडाक यांस,

तुमचा कागद परत पाठवते आहे. चुरगळलेला आहे, कारण मी तो आधी टोपलीत टाकला होता आणि मग वाटलं, उत्तर दिलं नाही तर हा माणूस त्याचा अर्थ होकार असा लावील.

ग्लेनला झटका येऊन सात महिने झाले, क्लेम. तू एकदाही आला नाहीस. तीस मैलांवर राहतोस. 'प्रकृती कशी आहे' एवढे तीन शब्दसुद्धा तुझ्या पत्रात नाहीत, पण फुली मारायची सोय मात्र तुला सुचली. तो बोलू शकत नाही, पण त्याला सगळं कळतं. वर्तमानपत्र वाचतो. ऑक्टोबरमध्ये पुस्तकांच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, सगळीकडे त्याचं चिखलातलं तोंड लागलेलं त्याने बघायचं, असा तुझा बेत आहे.

आमच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली आणि त्यातले एकूण एक थँक्सगिव्हिंग तू नासवलेस. अठ्ठ्याऐंशी साल आठवतं? टर्की कापायच्या आधी तू बटाट्याच्या लगद्याचं भांडं काखेत मारलंस, टेबलाला वळसा घालून धावलास, आणि म्हणालास, "चल ग्लेन, आता तरी पकड. इथे गालिचा आहे, घसरणार नाहीस." पोरंटोरं हसली. ग्लेनही हसला. मग आत जाऊन त्याने अर्धा तास भांडी घासली, जी आधीच घासलेली होती. त्या माणसाने पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, दोनदा अग्निशमन दलात जीव धोक्यात घातला, पण या जिल्ह्यात त्याची ओळख काय, तर 'ज्याच्या हातून हुडाक निसटला तो'.

तीन दिवस पाऊस पडत होता, क्लेम. मैदान नव्हतं ते, डबकं होतं. तिथे कुणीही घसरला असता. तो घसरला, एवढाच त्याचा गुन्हा.

मुखपृष्ठावर तुझा एकट्याचा फोटो टाक. हवं तर घोड्यावर बसून टाक. ग्लेनचा नको. हे मी एकदाच आणि सभ्यपणे सांगते आहे.

इर्मा टॉब्लर

*

हॅलोवे
२ एप्रिल

इर्माबाई टॉब्लर,

सभ्यपणा पोचला. उत्तर 'नाही' असं आहे.

फोटो माझा आहे. सही ही मेहेरबानी होती, गरज नव्हती. वकीलबाईंना मी समजावलंय. तुझ्या नवऱ्याला कुणी लाज आणली नाही, त्याने स्वतःच ती मैदानावर आणली, आणि पाच हजार लोकांनी पाहिली. तिसरा प्रयत्न झाला तेव्हा माझा घोटा सुजून भोपळा झाला होता. तशा घोट्याचा माणूस समोरून येतोय, धडधाकट गडी वाटेत उभा आहे, आणि पकडता येत नाही? आणि मग पन्नास वर्षं चिखलाच्या नावाने रडायचं? चिखल माझ्याही पायाखाली होता.

तू जन्माने हुडाक आहेस हे विसरलीस म्हणून माझ्या प्रकरणातला एक परिच्छेद उतरवून पाठवतो. वाच आणि पप्पा कोण होते ते आठव:

"साखळीची माणसं म्हणजे कुणी पगारी नोकर नव्हेत. गावातलीच चार माणसं पट्ट्यापट्ट्यांची बंडी घालून मैदानाच्या कडेला उभी राहतात. दोघे दहा यार्डांची साखळी ताणून धरतात, तिसरा मदतीला असतो, आणि चौथ्याच्या हातात ती काठी असते, जिच्या डोक्यावरचा आकडा सांगतो की दहा यार्ड जायच्या चार प्रयत्नांतला हा पहिला की दुसरा, तिसरा की चौथा. पंच त्या आकड्याकडे बघतात, गुणफलकवाला बघतो, सारं मैदान बघतं. मिल स्ट्रीटवरचे खाटीक आंद्रेय हुडाक यांनी ती काठी सोळा वर्षं धरली. १७ नोव्हेंबरला तिसऱ्या प्रयत्नात त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांच्यापासून वीस पावलांवर कोसळला. लोक ओरडत होते, पाय मोडला म्हणत होते. आंद्रेय हुडाक यांनी एक पाऊलही हलवलं नाही. काठीवाला रेषा सोडत नाही. या शिस्तीवर हॅलोवेचा फुटबॉल उभा आहे."

पुढच्या वर्षी पाठदुखीमुळे त्यांनी काठी सोडली, तेही लिहिलंय. आज ती काठी स्टेडियमच्या दारातल्या काचेच्या कपाटात, पळीच्या शेजारी आहे. त्या बापाची तू मुलगी, आणि ड्रेक्सबरीच्या घसरलेल्या माणसासाठी माझ्याशी भांडतेस.

फोटो राहणार.

क्लेम

*

ड्रेक्सबरी
२९ मे

क्लेम,

दोन महिने गप्प होते, त्याचं कारण सांगते.

खालच्या खोलीत ग्लेनसाठी पलंग लावायचा म्हणून तळघर उपसलं. त्याच्या जुन्या बुटांच्या पेटीखाली एक गोल पत्र्याचा डबा निघाला. वर चिकटपट्टीवर निळ्या शाईत लिहिलंय, 'हॅलोवे–ड्रेक्सबरी, ६२, चौथा भाग'. आत रीळ.

तुला आठवत असेलच, तेव्हा काय रीत होती. ज्यांच्या मैदानावर सामना, त्यांनी चित्रीकरण करायचं, आणि पुढच्या वर्षीच्या सामन्याआधी ते रीळ दुसऱ्या कॉलेजला बघायला द्यायचं. दोन्हीकडचे प्रशिक्षक अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर भेटून डबे देत-घेत. त्रेसष्टच्या सप्टेंबरात तुमचे डबे आमच्याकडे आले आणि चौथ्या भागाचं रीळ प्रोजेक्टरमध्ये जळालं, असं ड्रेक्सबरीने कळवलं. प्रोजेक्टर कोण चालवायचं, माहीत आहे? ग्लेन.

ते जळालं नव्हतं.

क्लीव्हलंड रस्त्यावरचा कॅमेरावाला अजून असली रिळं डीव्हीडीच्या तबकडीवर उतरवून देतो. मी ती घरच्या टीव्हीवर पाहिली. आवाज नाही, नुसती काळीपांढरी माणसं पावसात इकडून तिकडे. शेवटची दोन मिनिटं मी पुन्हापुन्हा पाहिली. आपल्या घरात पाढ्यांच्या आधी फुटबॉल शिकवलं गेलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं, नाही गेलात तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. मुंगीएवढी गोष्ट आहे. मी बोटांवर मोजलं.

पहिला प्रयत्न, मधून धाव, एक यार्ड. दुसरा, काहीच नाही. तिसऱ्यात तू पडलास. चौथ्यात तुमच्या माणसाच्या हातातून चेंडू सुटला. तिथे सामना संपला, क्लेम. तीन विरुद्ध शून्य, ड्रेक्सबरी जिंकलं. मग तुम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलात, आणि तू ती उडी मारलीस.

पाच. अकरा वेळा मोजलं, दर वेळी पाच.

तुझे नऊपैकी नऊ हे नऊपैकी आठ आहेत. पळी पन्नास वर्षांपूर्वी आमच्याकडे यायला हवी होती. आणि ज्या माणसाला तू टेबलाभोवती पळवलंस, त्याला त्या वेळी तिथे कुणाला पकडायची गरजच नव्हती.

आता माझी अट. मुखपृष्ठावर तो फोटो आला तर ही तबकडी ड्रेक्सबरीच्या वर्तमानपत्राकडे जाईल. आता मी सभ्य नाही.

इर्मा

*

हॅलोवे
४ जून

इर्मा,

दे. दे वर्तमानपत्राला. टीव्हीवाल्यांनाही बोलाव. आणि मग त्यांना हेही सांग की तो आकडा ज्याने बदलला नाही तो माणूस तुझा बाप होता. काचेच्या कपाटातली काठी काढून तुझ्या दारात आणून टाकतील. आईच्या नि पप्पांच्या कबरीवर फुलं ठेवायला जातेस ना, तेव्हा तेही सांग त्यांना. म्हणावं, नवऱ्याचं तोंड पुसायला तुमचं काळं केलं.

तुला काय वाटलं, मी मोजलं नव्हतं?

मी त्या मैदानावर होतो, बाई. चेंडू सुटला तेव्हा मी गुडघे टेकले. संपलं म्हणालो. आमचा कप्तान शिरा ताणून ओरडला, "उठ हुडाक, अजून एक आहे!" मी कडेला बघितलं. पप्पा उभे होते, पावसात, टोपीतून पाणी गळतंय, आणि काठीवर चार. ड्रेक्सबरीचे दोघे-तिघे पंचाच्या अंगावर धावून गेले, पंचाने काठीकडे बोट दाखवलं. झालं. आंद्रेय हुडाकच्या काठीवर कोण शंका घेणार?

सोळा वर्षांत त्या माणसाचा आकडा एकदाही चुकला नाही. तो चुकला नव्हता. त्याने लबाडी केली. कॉलेजचा नववा विजय हुकू नये म्हणून केली. आणि त्याच्या दोन मिनिटं आधी मी चिखलात पालथा पडून घोटा धरून गुरासारखा ओरडत होतो, तेव्हा हाच माणूस जागचा हलला नाही! हॅलोवेसाठी खोटं बोलायला तयार, पोरासाठी एक पाऊल टाकायला नाही. साखळीवाल्या बेकरने मला सामन्यानंतर खांद्यावर थाप मारून सांगितलं, "तुझा बाप खांबासारखा उभा होता रे!" मला वाटलं, त्याच्या तोंडात मारावी. पण सगळे माझ्याभोवती नाचत होते, मीही नाचलो. तेव्हापासून नाचतोच आहे.

'शिस्त' हा शब्द मी प्रकरणात लिहिला, तेव्हा माझे दात शिवशिवत होते. पण दुसरं काय लिहू? माझ्याकडे आयुष्यात दाखवण्यासारखी एकच गोष्ट आहे, इर्मा. सदतीस वर्षं गाड्यांचे टायर विकले, बायको सोडून गेली. गावात मी आत शिरलो की लोक उठून हात मिळवतात, ते त्या उडीसाठी.

फोटो राहणार. तबकडीचं तुला काय करायचं ते कर. आणि तुझ्या नवऱ्याला विचार, एवढा साव होता तर पन्नास वर्षं डबा दाबून का बसला?

क्लेम

*

ड्रेक्सबरी
११ ऑगस्ट

क्लेम,

विचारलं.

लगेच नाही विचारलं. आधी मी तुझं पत्र फाडलं, मग चिकटवलं. पप्पांबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मला तुझ्या दारावर येऊन दगड मारावासा वाटला. पुढे जून गेला, जुलै गेला. गेल्या आठवड्यात ग्लेनसमोर डबा ठेवला आणि म्हणाले, "हे का लपवलंस? तू एक शब्द बोलला असतास तर तुला कुणी हसलं नसतं."

तो डाव्या हाताने पाटीवर लिहितो. एकेका शब्दाला मिनिट लागतं. त्याने लिहिलं, "तुझे वडील." मला वाटलं, तो म्हणतोय त्यांच्या अब्रूसाठी. त्रेसष्टच्या त्या उन्हाळ्यात आमचं नुकतं जुळत होतं. मी म्हटलं, "त्यांनी लबाडी केली म्हणून?" त्यावर त्याने मान अशी जोरात हलवली की चहा सांडला. टीव्हीकडे बोट दाखवलं. मी तबकडी लावली. तिसरा प्रयत्न झाला, तू पडलास, आणि त्याने हात वर केला. थांब. मग पडद्याच्या डाव्या कडेकडे बोट केलं.

तुला माहीत आहे, तेव्हा फिल्म महाग. एक खेळ संपला की कॅमेरावाला बटण बंद करायचा, दुसरा सुरू झाला की चालू. म्हणून त्या सगळ्या रिळात मधला वेळ कुठेच नाही. फक्त तिथे आहे. तू पडलास आणि कॅमेरावाला बहुतेक बटण विसरून तुझ्याकडेच बघत राहिला असावा. पुरतं एक मिनिट रीळ चाललंय. त्या मिनिटात कुणी खेळत नाही. मी अकरा वेळा पाहिलं आणि अकराही वेळा तेवढं मिनिट पुढे पळवलं, कारण मी प्रयत्न मोजत होते.

त्यात काय आहे ते मी लिहिणार नाही. तू तुझ्या डोळ्यांनी बघ. सोबत तबकडी आहे. मूळ रीळ माझ्याकडे आहे, तेव्हा जाळायची तर ही खुशाल जाळ. तिसऱ्या प्रयत्नानंतर डावी कडा बघायची.

आणि पाठदुखीचं एक सांगते. तू तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होतास, मी घरी होते. पाठ दुखते म्हणून काठी सोडणारा तो माणूस पुढची पंधरा वर्षं अर्धा डुक्कर खांद्यावर टाकून दुकानात आणत होता. शनिवारी सामन्याच्या वेळी रेडिओ लावायचा नाही, असा हुकूम होता. आई म्हणायची, "आंद्रेय, निदान गुण किती ते तरी ऐक." ते मागच्या अंगणात जाऊन सुऱ्यांना धार लावत बसायचे. मला वाटायचं, चिडलेत. आता वाटतं, घरी येऊन त्यांनीही मोजलं असणार.

मी तुला माफ केलेलं नाही. अट तीच आहे.

इर्मा

*

हॅलोवे
३ सप्टेंबर

इर्मा,

तबकडी तीन दिवस टेबलावर होती. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी लावली.

मी पडलो. दोघे डॉक्टर धावत आले, माझ्याभोवती कोंडाळं झालं. मी डावीकडे बघत होतो. पट्ट्यांच्या बंड्या घातलेली चार माणसं उभी. मग त्यातल्या एकाने काठी सोडली. ठेवली नाही, सोडली. ती चिखलात आडवी पडली आणि तो माणूस मैदानात धावला. इर्मा, पप्पांना धावताना तू कधी पाहिलंयस? मी नाही. ते गल्लीत कुत्रा मागे लागला तरी चालायचे. ते धावत होते, मधे एकदा घसरले, एक हात टेकला, टोपी पडली, ती उचलली नाही. कोंडाळ्याच्या मागे येऊन टाचा उंचावून बघायला लागले. पुढे घुसले नाहीत, डॉक्टरांना अडचण नको म्हणून असेल. माझ्यापासून सहा हातांवर उभे होते. मी पालथा होतो.

मग मी बसता झालो. त्यांनी तोंडावर हात ठेवला, वळले, टोपी उचलली, जागेवर गेले. बेकरने काठी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वर बघितलंच नाही. आकडा तीनच होता. चौथा प्रयत्न त्या तिनावरच झाला, आणि तो संपल्यावर त्यांनी तिनाचे चार केले.

एवढंच. एवढंच झालं होतं.

बेकर खोटं बोलला, कारण काठीवाल्याने रेषा सोडणं म्हणजे त्या चौघांचीही नाचक्की. पप्पांनी ते खोटं पाडलं नाही, कारण मग आकडाही निघाला असता. मी आपला पन्नास वर्षं त्या म्हाताऱ्यावर दात धरून. त्यांच्या शेवटच्या आजारात दोनदा गेलो फक्त, आणि दोन्ही वेळा घड्याळ बघत बसलो. हे तुला का लिहितोय कळत नाही, तू काही बिचारा म्हणणार नाहीस. म्हणूही नकोस.

आता कामाचं. फोटो मी समितीकडून परत आणला. मुखपृष्ठावर स्टेडियम टाकतायत, कबुतरांसकट. प्रकरण नव्याने लिहिलं. काठी पडली, बाप धावला, प्रयत्न पाच झाले, सामना ड्रेक्सबरीचा होता, असं सरळ लिहिलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "क्लेम, तुला बरं नाही का?" मी म्हटलं, पन्नास वर्षांत पहिल्यांदा बरं आहे. ते म्हणाले, विद्यापीठाच्या नोंदी एका माणसाच्या तबकडीने बदलत नाहीत. मी म्हटलं, मग प्रकरण परत द्या. दोन आठवडे रस्सीखेच चालली. शेवटी ते जसंच्या तसं छापतायत, खाली बारीक टाइपात 'लेखकाची मतं वैयक्तिक आहेत' असं घालून. नऊपैकी नऊ ही ओळ तक्त्यात तशीच राहणार. ते माझ्या हातात नाही.

गावात काय चाललंय विचारू नकोस. केस कापायला गेलो तर न्हाव्याने तोंडातून शब्द काढला नाही. शनिवारच्या कॉफीच्या टेबलावर माझी खुर्ची कुणीतरी दुसऱ्या टेबलाला लावली. टायरच्या दुकानातल्या माझ्या जुन्या पोस्टरवर कुणीतरी पाच बोटं काढलीत. हसशील तू. हास.

ग्लेनबद्दल. चिखल होता, तो घसरला, कुणीही घसरला असता, असं तुझ्याच शब्दांत लिहिलंय. तुला हवं होतं ते मिळालं. माझ्याकडे काय राहिलं ते बघ. पाचवा प्रयत्न, म्हणजे नसलेला. समोरचा माणूस, तोही घसरलेला. याच्यात माझी अशी काही उडी नव्हतीच. मोकळ्या जागेतून कुणीही गेला असता.

प्रकरणाची प्रत सोबत आहे. छपाईला अजून दहा दिवस आहेत. काही खोटं असेल तर कळव.

क्लेम

*

ड्रेक्सबरी
९ सप्टेंबर

क्लेम,

हे पत्र ग्लेनचं आहे. चार दिवस लिहीत होता. मला हात लावू दिला नाही, आणि वाचल्यावर मी त्याच्याशी सकाळपासून बोललेले नाही. तुझ्याशीही बोलणार नाही. दोघेही एकाच माळेचे मणी आहात.

इर्मा

*

क्लेम

प्रकरण वाचलं. एक गोष्ट खोटी.

मी घसरलो नाही. चिखल होता, पण माझे पाय पक्के होते. तू डावा खांदा टाकलास. मी तिकडे गेलो. तू दुखऱ्या पायावर वळलास आणि उजवीकडून गेलास. मी हवेत हात मारला आणि पडलो. तसा वळणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

इर्माला घसरलो सांगितलं. तिला बरं वाटायचं. तुला सांगितलं नाही. तू फार बोलायचास.

छापायच्या आधी बदल. धाव तुझी होती.

सामना आमचा. पळी पाठव.

ग्लेन